माझ्याशी भांडा

त्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गांत पातळी हा शब्द कोणी वापरत नसे. सगळे मजलाच म्हणत. तळमजल्यावर नवखे, मधल्यावर अडखळत बोलणारे, आणि सगळ्यात वर, जिथून समोरच्या छापखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, तिथे स्वतःच्या हिमतीवर बोलणारे. कोणी कुठे बसायचं हे जिन्याखालच्या लहानशा खोलीत ठरायचं आणि ते ठरवायची एकटी बाई. तिला सगळे भांडणबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

परीक्षा साधीच सुरू व्हायची. घरी कोण कोण असतं, काल काय केलंत, उद्या काय कराल, नोकरी सुटली तर काय कराल. समोरच्याला धाप लागेपर्यंत बाई एकेक पायरी वर न्यायची, मग पाण्याचा पेला पुढे करायची आणि खुर्ची ओढून म्हणायची, "आता माझ्याशी भांडा. मी दुकानदार. काल घेतलेली इस्त्री आज बंद पडली. मी म्हणते, तुम्हीच पाडलीत. चला, करा सुरू."

पाठ केलेलं सगळं इथे गळून पडायचं. ओळख घोकता येते, छंद घोकता येतो. भांडण घोकता येत नाही, कारण अर्धं भांडण समोरच्याच्या हातात असतं. व्याकरणात एक चूक न करणारे लोक बंद इस्त्री निमूट घरी न्यायचे. उलट काही जण चुकांचा सडा पाडत तिच्याकडून नवी इस्त्री वसूल करायचे. त्यांना ती वर पाठवायची. तिने वर पाठवलेला माणूस आजवर खाली उतरला नव्हता.

नव्या सत्राच्या सुरुवातीला त्या खुर्चीत तिची सख्खी थोरली बहीण येऊन बसली.

ताई एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायकांमध्ये होती. चादरीची घडी नुसत्या हाताला कळावी इतकी जुनी. आता तिथल्या पर्यवेक्षिकेची जागा रिकामी झाली होती आणि ती ताईच्या मनात भरली होती. पण पर्यवेक्षिकेला पाहुण्यांच्या तक्रारी ऐकाव्या लागतात, म्हणून हॉटेलने अट घातली होती: वरच्या मजल्याची चिठ्ठी हवी. सत्र संपेपर्यंत ते थांबणार होते.

"लिही पटकन," टेकता टेकता ताई म्हणाली. "जाताना भाजी घ्यायचीय."

"आधी बोल तर."

"जन्मभर बोलतेच आहे तुझ्याशी. तेवढं पुरत नाही होय?"

"ताई, इथे मी बाई आहे."

"अगंबाई!" ताईने पर्स मांडीवर घेतली. "बरं बाई. विचारा बाई."

आणि ताई बोलली. उठते कधी, कामाला जाते कशी, फावल्या वेळात काय करते. एका दमात, एकही चूक नाही. दारातला शिपाई कौतुकाने मान डोलवू लागला. बाई मात्र ताईच्या डोळ्यांकडे बघत होती. ताईची नजर तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर होती, जणू तिथे सगळं लिहून ठेवलंय. बाईने मध्येच एक प्रश्न टाकला, तर ताईने पहिल्यापासून सुरुवात केली.

"आता भांड माझ्याशी. मी पाहुणी. माझा शर्ट धुवायला दिला होता, तुम्ही तो हरवलात."

ताई भांडणात कोणाला हार जाणारी नव्हती. धाकटीचा डबा पळवणाऱ्या पोरींना तिने शाळेच्या फाटकात धरलं होतं. जिन्यात तिचा नुसता खाकरा ऐकू आला तरी घरमालक पाण्याची मोटर आपणहून सुरू करायचा. ती ताई शर्टाबद्दलचा आरडाओरडा शांतपणे ऐकत राहिली आणि गोड हसून म्हणाली, "थँक यू, मॅडम."

बाईने आवाज आणखी चढवला.

"सॉरी, मॅडम. थँक यू, मॅडम."

शिपायाला हसू आवरेना. बाईने उठून दार लावलं.

"मधला मजला," ती म्हणाली.

"काय?"

"मधला."

"तुझ्या वेण्या घातल्या मी! तुझ्यासाठी अख्ख्या शाळेशी वैर घेतलं, आणि तू मला एका शर्टावरून खाली बसवतेस?"

"खाली नाही, मध्ये."

"एक चिठ्ठी गं. कोणाला कळणार आहे?"

"पहिल्या पाहुणीला. ती ओरडेल, तू थँक यू म्हणशील आणि साहेब बघत उभे असतील. तिथे दार लावायला मी नसेन."

ताई उठली.

"आत्ता भांडलीस ना," बाई म्हणाली, "तेच हवंय. फक्त इंग्रजीत."

"तुझं इंग्रजी तुझ्यापाशी ठेव," ताई म्हणाली आणि भाजी न घेताच घरी गेली.

पण वर्गाला ती आली. जिन्याखालच्या खोलीकडे न बघता रोज मधल्या मजल्यावर चढायची. आईकडे दोघी जेवायला बसल्या की म्हणायची, "आई, तुझ्या बाईंना विचार, अजून वाढू का." बाई स्वतःच उठून वाढून घ्यायची. तरी ती चिठ्ठी पुन्हा लिहायची वेळ आली असती, तर तिने तीच लिहिली असती.

सत्र संपत आलं तेव्हा शिपाई खोलीत डोकावला. "ताईंनी आज मला पाहुणा केलं होतं. ओला टॉवेल दिला म्हणून मी ओरडायचं. येतं तेवढ्या इंग्रजीत ओरडलो."

"मग?"

"मग काय? मीच माफी मागून आलो."

शेवटच्या परीक्षेला ताई पर्स घट्ट धरून बसली. या वेळी तिची नजर भिंतीवर नव्हती, थेट बहिणीच्या तोंडावर होती. पहिल्याच प्रश्नाला ती अडखळली, दुसऱ्याला जास्तच. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, होतं तेही विसरली.

मग शर्ट निघाला. बाई दुसऱ्या कोणाशी इतकी उर्मट कधी झाली नव्हती. ताईने पर्स बाजूला ठेवली. बाईला वाटलं, आता थँक यू येणार.

"नो," ताई म्हणाली.

आणि सुटली. आधी ऐका. कोणता शर्ट? कोणी नेला? कालचं उद्यात गेलं, क्रियापदं वाक्याबाहेर पडली, कॉलरचा शब्द सापडेना तेव्हा स्वतःचीच कॉलर धरून तिने विचारलं, इथे शिवण उसवलेली होती तोच ना? बाईने मॅनेजरला बोलवायची धमकी दिली. बोलवा, ताई म्हणाली, पण आधी बसा. शर्ट मी शोधते. नाही सापडला तर तेही मीच येऊन सांगेन. फक्त माझ्या हाताखालच्या मुलींवर ओरडायचं नाही.

इस्त्र्या बाई आजवर स्वतःहून सोडत आली होती. त्या खोलीत ती खरोखर हरली ती आज पहिल्यांदाच. तिने चिठ्ठी ओढली आणि वरचा मजला लिहिला.

ताईने ती दोनदा वाचली. "चुका किती केल्या गं मी?"

"ढीगभर."

"आणि मागच्या वेळी?"

"एकही नाही."

ताई खो खो हसली. चिठ्ठी पर्समध्ये टाकून दारापर्यंत गेली आणि तिथून वळून इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, तुमचा शर्ट संध्याकाळी खोलीवर पोचेल."

मग आपल्या भाषेत: "आणि उद्या घरी जेवायला ये. आईकरवी नाही, मीच सांगतेय."