त्रेचाळीसचे चव्वेचाळीस

धाकटा भाऊ मुदतीआधीच फौज सोडून आला तेव्हा मी सांगलीत शाळेवर गणित शिकवत होते. तो उंब्रजला आईजवळ राहिला, ऊस बघू लागला, आणि मला टाळू लागला. चांगली चार वर्षं. मी सुट्टीत घरी गेले की त्याला नेमकं रानात काम निघायचं. "त्यो कुनाशीच बोलत न्हाई बाई, तू मनाला लावून घेऊ नगंस," असं आई म्हणायची. मी लावून घेतलंच. भरतीआधी दोन वर्षं ज्याला मी घरी बसवून गणित शिकवलं, तो आता माझ्याकडे बघतही नव्हता. मला त्याचा भयंकर राग आला होता.

शिकवलं म्हणजे फूटपट्टी हातात घेऊन घोटून घेतलं. बाकी सगळ्यात चलाख, पण आकड्यांत ढ. संख्या जवळच्या दहाला आणायची म्हटलं की रडकुंडीला यायचा. कुठे एक वाढवायचा, कुठे सोडायचा, काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी मी त्याच्यासाठी एक ओळ जुळवली: 'पाच नि पुढं, एक चढव, चार नि मागं, गप दडव.' वैरण तोडताना, म्हशी धुताना, जेवायला बसताना ती म्हणायला लावली. तीच ओळ पुढे माझ्या वर्गांत चालली. मुली इतक्या जोरात म्हणायच्या की शेजारच्या वर्गावरच्या बाई तक्रार घेऊन यायच्या. मला त्या ओळीचा फार तोरा होता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शाळेत संगणक येणार, शिक्षकांनी आधी शिकून घ्यावं, असं ठरलं. कुणापुढे अडाणी दिसायचं नाही म्हणून मी हट्टाने घरीच एक घेतला. जोडून देणाऱ्याने त्यात विमान उडवायचा खेळ घालून दिला, आणि आयुष्यात विमानतळ न पाहिलेली मी शाळा सुटली की लढाऊ विमानात बसू लागले. खेळात खालच्या सैनिकांकडून एक सहा आकडी संख्या यायची, ती शत्रूच्या गाड्यांची जागा. नकाशावर चौकोन आखलेले, पण चौकोनाला आकडे चारच: दोन तळाच्या रेघेवरचे, दोन बाजूच्या. म्हणजे सहाचे चार करायचे आणि तो चौकोन गाठायचा. यात काय अवघड? पण निम्म्या वेळा मी पोचायचे तिथे खाली नुसता माळ असायचा. खेळच सदोष आहे, असं मी ठरवून टाकलं होतं. माझं गणित चुकेल हे मनातसुद्धा आलं नाही.

त्या मे महिन्यात भावाचा कान फारच दुखायला लागला. तोफांजवळ राहून तो आधीच निकामी झाला होता. डॉक्टर सांगलीत, म्हणून नाइलाजाने तो माझ्याकडे आला. दुपारी जेवण झाल्यावर त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी खेळ लावला. तो चहाचा पेला घेऊन मागे उभा राहिला. पडद्यावर संख्या आली: ४३८७१२.

मी मोठ्याने सोडवू लागले. "आधी दोन भाग. चारशे अडतीस आणि सातशे बारा. आठ आहे, एक चढव, चव्वेचाळीस. दोन आहे, गप दडव, एकाहत्तर. चव्वेचाळीस एकाहत्तर."

"त्रेचाळीस," तो म्हणाला.

"काय?"

"त्रेचाळीस एकाहत्तर. शेवटचा आकडा छाटायचा आक्का, चढवायचा न्हाई."

मला रागच आला. "आरं, अडतीस चाळीसच्या जवळ का तिसाच्या?"

"जवळ-लांबचा सवालच न्हाई. चौकोनाचं नाव त्येच्या डाव्या रेघेवरनं. तू आपल्या रानात पार पलीकडच्या बांधाला टेकून उबी ऱ्हायलीस, म्हून शेजाऱ्याच्या रानात गेलीस व्हय?"

इतकी वाक्यं तो माझ्याशी चार वर्षांत बोलला नव्हता. मी खुर्ची वळवली. "एवढं पक्कं कुणी शिकवलं?"

"शिकवलं समद्यांनाच. परीक्षेत मी पयला आल्तो." मग पेल्यात बघत तो म्हणाला, "आमची पोरं गस्तीला फुडं गेली व्हती. त्यांनी वायरलेसवर जागा कळवली, सहा आकडी. ज्या चौकोनात आपली मानसं हायती, तितं गोळा टाकायचा न्हाई. त्या चौकोनांची यादी असती, चार आकडी. ती माज्याकडं व्हती."

मी खेळाचा आवाज बंद केला.

"दोन दिस डोळ्याला डोळा न्हवता. आकडा ऐकला, शेवटी आठ. पाच नि पुढं, एक चढव." त्याने ती ओळ मी लावलेल्या चालीतच म्हटली. "शेजारचा चौकोन यादीत गेला. त्यांचा मोकळा ऱ्हायला. तोफा तितंच लागल्या."

"किती जण?"

"दोगं. एक मान तालुक्यातला व्हता. पलटनीत आपल्या बोलीत बोलाया तेवडाच एक गडी." चौकशीत आणखी कुणाकुणाच्या चुका निघाल्या, त्याच्या अंगावर फारसं काही आलं नाही, असं तो म्हणाला. मग तो आपणहूनच फौज सोडून आला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू, आक्का? तू बरोबरच शिकवलं व्हतंस."

त्याने पेला विसळून पालथा घातला आणि चारच्या एसटीने गेला. मी थांब म्हणाले नाही. चार वर्षं जपलेला राग आता कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, आणि फूटपट्टी धरलेला माझाच हात मला बघवत नव्हता.

खेळ तसाच चालू होता. मी विमान त्रेचाळीस एकाहत्तरवर नेलं. गाड्या तिथेच होत्या, शेजारी बारीक ठिपक्यांसारखी माणसं. मी कळ दाबली नाही. इंधन संपेपर्यंत त्यांच्यावर घिरट्या घालत राहिले.

जूनमध्ये जवळच्या दहाचा तो धडा आला. तो गाळता येत नाही, आणि नियमात चूक काहीच नाही. मी ओळ सांगितली नाही, पण मोठ्या बहिणींकडून शिकून आलेल्या मुलींनी ती आपणहून सुरू केली, एका सुरात, शेजारच्या वर्गात जाईल एवढ्या मोठ्याने. परीक्षेत अडतीसचे चाळीस कुणी लिहिले की मी बरोबरची खूण करते. पूर्ण गुण देते.