जिवतीच्या चढावर

साखरेच्या आजारापायी बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरांना शिव्या घातल्या आणि मग नकली पाय बसवून नागपूरहून जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. क्लच नाही, पाय जसा दाबाल तसे गिअर आपोआप बदलतात, एकटा उजवा पाय पुरतो. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलरसमोर जन्म काढलेला माणूस, कुणी उचलून रिक्षात बसवलेलं त्याला सोसणार नव्हतं. गाडी होती म्हणून ते उभे होते, नाहीतर कधीच अंथरूण धरलं असतं.

मग गाडीच बिघडली. चढ आला की रांगायची, खालचा गिअर पडायचाच नाही. मध्येच इंजिन बोंबलायचं आणि धाडकन झटका बसायचा. चंद्रपुरात तेव्हा ऑटोमॅटिक गाडी बघायला सगळे जमायचे, हात लावायला कुणी नाही. शेवटी एका मेकॅनिक चाचांनी हिंमत केली. गिअरचं तेल बोटावर घेऊन हुंगलं, जळका वास नव्हता. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली, प्लग बदलले.

"रोग रेड्याले न् औषध पखालीले," बाबा कुरकुरले.

चाचांनी मला बाजूला बसवून लांब फेरी मारली. गाडी सरळ पळाली. "बाई, गाडीत काईच नाई," ते म्हणाले. हे ऐकून बाबा फणकारले, "त्याले भेते ते गाडी. मले छळते."

हट्टी माणूस! त्याच रविवारी मला घेऊन जिवतीला आत्याकडे निघाले. घाटाआधी चहा प्यायलो, बाबा गाडीत बसले, गाडी हलली आणि मागून चहावाला ओरडला, "बाबूजी, चप्पल राह्यली ना तुमची!"

बाबांनी ब्रेक दाबला. खाली वाकून पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता आणि त्यांना ते पाहिल्यावर कळलं.

डाव्या पायाची सुरुवातही अशीच झाली होती. त्या क्षणी मला वाटलं, गाडीचं इंजिन फुटावं, गिअरबॉक्स रस्त्यावर गळून पडावा, पण खोट गाडीतच निघावी.

"चप्पल ढिली हाये," बाबा म्हणाले.

मी उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं, खाली बसून पाय हातात घेतला आणि तळव्यात अंगठ्याचं नख रुतवलं. "समजते का?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "दाब ना," ते म्हणाले.

मी दाबलंच होतं. नखाचा लाल चंद्र उमटला होता.

काठी टेकत, गाडीला वळसा घालून ते डावीकडे येऊन बसले आणि घाट मी चढवला. मी पाय दाबला की गिअर वेळेवर पडत होता, कुठे झटका नाही. बाबा मान खाली घालून इंजिनचा आवाज ऐकत होते.

"गाडी चांगली हाये," माथ्यावर पोहोचल्यावर ते म्हणाले. "इकून टाक."