हिरव्या वेलीला कात्री

मी नाशिककडून सासरी आले ती रसायनशास्त्राची पदवी आणि द्राक्षाच्या काड्या घेऊन. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. सासर नागपूरजवळच्या काटोलचं, संत्र्यावर जगणारं. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, बागेच्या वरच्या अंगाचा अर्धा एकर मला दिला, तोही तिथे संत्री जगत नव्हती म्हणून. वीतभर काळी माती आणि खाली ज्वालामुखीच्या खडकाचा मुरूम. मला तोच हवा होता. मला वाईन करायची होती आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. गावानं तिला दारू म्हटलं. म्हणो बापडं.

दोन वर्षं वेली नुसत्या पानांनी माजल्या. मामाजींनी त्यांना संत्र्यासारखा ताण दिला, पाणी तोडलं आणि बहाराची वाट पाहत बसले. द्राक्षाला कात्री लागते हे मला माहीत होतं, पण नवी सून म्हणून गप्प राहिले. त्यांच्या बागेत वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढत. हिरव्या फांदीला हत्यार लावणं पाप. तिसऱ्या वर्षी त्यांनी बजावलं, या हंगामात फळ धरलं नाही तर वेली उपटून टाकीन.

दसरा झाला आणि मी कात्री घेतली. काडीवर चार डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवले, बाकी सगळं जमिनीवर. मामाजी धावत आले.

"सूनबाई, जित्या झाडाले काहून कापून राहिली तू?"

मी हात थांबवला नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण दोन वर्षं गप्प बसल्याचा राग त्याहून मोठा होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी पोटभर जेवले.

पंधरवड्यात डोळे फुटले, पाठोपाठ घड दिसले. नागपूर म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं, पण आमच्या माळावर पौषात बोटं वळत नसत. त्या थंडीत मणी सावकाश भरले. फाल्गुनाच्या तोंडी घड काळे झाले, बारीक आणि आंबट. मामाजींनी संत्र्याच्या व्यापाऱ्याला बोलावलं होतं. त्यानं एक मणी चाखला आणि हसला. मामाजी म्हणाले, उद्याच गडी लावून उपटतो.

"मामाजी, तुम्ही फळ मागितलं होतं," मी त्या व्यापाऱ्यासमोरच म्हणाले. "गोड मागितलं नव्हतं. आणि मला वाईनसाठी आंबटच हवंय."

दिलेला शब्द फिरवणं मामाजींना कधी जमलं नाही, आणि मी नेमकी त्यावरच उभी होते. मग त्यांनी गड्याला हाक मारली.

"टोपले आण गा. फळ तोडाचं आहे."