चाळीस मिनिटं पुढं

माणसानं उभ्या आयुष्यात एकदाच वेळ पाळावी आणि ती नेमकी त्याच दिवशी पाळावी, ह्याचा संताप अजून माझ्या मनातून जात नाही. बाळराजे गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. मी तिथंच होतो. काष्टीला जनावरांच्या नव्या दवाखान्यासमोर, मांडवाच्या तोंडाशी, फीत कापायची कात्री हातात घेऊन. दहाला पाच कमी असताना त्यांची गाडी आली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा! इतका आनंद झाला म्हणून सांगू... आणि ते गाडीतून उतरतात तोच एक माणूस पुढं झाला आणि त्यानं अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. आसपास एकही पोलीस नव्हता.

का नव्हता, ते नीट सांगायला हवं. बाकीची संस्थानं विलीन झाली, आमचं तेवढं राहिलं. जिल्ह्याच्या ह्या कोपऱ्यात आजही गादी आहे आणि बाळराजे तिचे वारस. वय बावन्न, डोक्यावर केस औषधाला नाही, पण आईसाहेब म्हणतात म्हणून सगळ्यांचे बाळराजेच. मी त्यांचा शाळासोबती, पुढं खासगी कारभारी. लोक म्हणतात, राजा माणूस होता. होताच. पण अशा राजा माणसाच्या हाताखाली काम करून बघा! राहुरीच्या मेळाव्याला म्हणून निघायचं आणि वाटेत कुणाच्या तरी शेळीचा लंगडा पाय बघत बसायचं. रसवंती दिसली की गाडी थांबलीच. माझ्या मुलीच्या लग्नात ‘मी आल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत’ असा निरोप धाडला आणि स्वतः आले पन्नास मिनिटांनी. भटजींनी मंगलाष्टकं तीनदा म्हटली. मी डोळे वटारले तर म्हणतात कसे, “नाना, जन्माचं बंधन ना रे हे? मग अर्ध्या तासानं काय बिघडतंय?”

हळूहळू सगळं संस्थानच त्यांच्या वेळेवर चालायला लागलं. पत्रिकेत दहा छापलं की खुर्च्या सव्वादहाला मांडायच्या, पोलिसांचा बंदोबस्त साडेदहाला लागायचा, राजे पावणेअकराला यायचे. हे सगळ्यांना ठाऊक. पत्रिका खरी धरून येणारा माणूस म्हणजे बाहेरचा.

सुप्याच्या कामगार मेळाव्यात रात्रपाळी करून आलेली माणसं दीड तास उन्हात ताटकळली, तेव्हा मात्र माझी लाज गेली. घरी येऊन मी त्यांना नाही नाही ते बोललो. तेवढ्यानं भागलं नाही. महिन्याभरानं, काष्टीच्या सकाळी ते अंघोळीला गेल्यावर त्यांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मी चाळीस मिनिटं पुढं केलं. मनगटी घड्याळ ते बांधत नसत, मोबाईल माझ्याकडेच असायचा. मग मी पुढं निघून आलो. कुणाला काही बोललो नाही. ड्रायव्हर रज्जाकभाईलाही नाही.

पोलिसांनी पहिलं धरलं ते रज्जाकलाच. ‘इतक्या वर्षांत आजच गाडी वेळेवर कशी?’ तो एकच सांगत राहिला, “सरकार घड्याळ बघून भाईर आले आन म्हनाले, रज्जाक, उशीर झालाय, आज कुटं थांबू नको, नाना लई चिडलाय.” त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याच ठाण्यातल्या बाकावर बसून मी जबाब दिला, ‘मला काही कल्पना नाही.’

मारेकरी ‘गादीच नको’ म्हणणाऱ्यांपैकी, बाहेरगावचा. त्यानं कबुलीत सांगितलं, की तो सुप्यालाही आला होता. छापलेल्या वेळेला. राजे आलेच नाहीत, पोलीस मात्र आले, म्हणून चहा पिऊन परत गेला... ज्या उशिरापायी मी त्यांना फाडून खाल्लं, त्याच उशिरानं ते महिनाभर जास्त जगले होते.

तरी मी गप्पच. शेवटी आईसाहेबांनी मला बाळराजांच्या खोलीत बोलावून घेतलं.

“नाना, हे घड्याळ पुढं कसं?”

“मी केलं, आईसाहेब.” पुढचंही सगळं सांगितलं.

त्या घड्याळाकडे वळल्या. रडतील, मला घालवून देतील, असं वाटत होतं.

“रज्जाक किती दिवस आत आहे?”

“एकोणतीस.”

“मग इथं काय उभे राहिलात? आता तरी उशीर करू नका.”

जबाब बदलला. माझं काय व्हायचं ते होईल. तीन दिवसांनी रज्जाकला सोडलं. मी गाडी घेऊन न्यायला गेलो. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यानं माझ्या हातातली किल्ली घेतली आणि स्टिअरिंगवर बसला. वाटेत मी घड्याळाचं सगळं सांगून दोनदा माफी मागितली. एकदाही त्यानं मान वळवली नाही. श्रीगोंद्याच्या रस्त्यावर रसवंतीपाशी मात्र गाडी आपसूक कडेला घेतली.

“अरे, घरी सगळे वाट बघतायत,” मी सवयीनं बोलून गेलो.

रज्जाकनं इंजिन बंद केलं.

“बसा, सायेब,” तो म्हणाला. “चाळीस मिन्टं हायेत आपल्याकडं.”