ताईच्या टीममधून मी बाहेर

माझ्या ताईच्या गळ्यात शिट्टी आली आणि आमच्या घरातला माझा थाट गेला.

ताई बौद्धिक दिव्यांग. हिंगणघाटच्या विशेष शाळेकडून ती कितीतरी वर्षं फुटबॉल खेळली, मग तिथल्या सरांनी तिलाच कोच करायचं मनावर घेतलं. शाळेतल्या बाकीच्यांना ते पटेना. निर्णय घेणं तिला झेपायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक सामना तिच्या हाती द्यायचा आणि गोंधळ झाला तर टीम काढून घ्यायची, असं ठरलं.

सामना मिश्र संघांचा होता. चार दिव्यांग खेळाडू आणि जोडीला माझ्यासारखे, दिव्यांग नसलेले, तिघे भागीदार. भागीदारानं चेंडू पुढे द्यायचा, सगळं स्वतःच उरकायचं नाही. पण मी पडलो कॉलेजच्या टीमचा फॉरवर्ड, त्यात मैदानाच्या कडेला आई बसलेली. ताईची लाज मीच राखणार, हे मी घरूनच ठरवून निघालो होतो. एक गोल मारला आणि आईकडे बघत केसांतून हात फिरवला. समोरच्यांनी बरोबरी केली, तसा मी जास्तच चेकाळलो.

एवढ्यात ताईनं पंचांना हात केला आणि मला बाहेर बोलावलं. मला वाटलं, सल्ला हवा असेल.

"बस इथं," ती म्हणाली.

"काऊन?"

"तू कोनालेच बॉल देत नाई."

आई उठून आली. "काऊन वं, भावालेच बाहेर काढतं? हरसान ना तुम्ही."

सर पुढे सरसावले, मग खिशात हात घालून थांबले. ताईनं मान वळवली नाही. "घरी भाऊ. इथं बसन तो."

आम्ही एका गोलनं हरलो. खरं सांगतो, मला आतून गार वाटलं. मी असतो तर जिंकलो असतो, असंच आता सगळे म्हणणार होते. पण आमचा एक गडी ताईला धरून नाचत होता. मी खेळात असेपर्यंत नुसताच उभा होता तो. मी बाहेर बसल्यावर त्याचा चेंडू थेट गोलच्या खांबावर आदळला होता. सर तिच्याजवळ गेले. "पुढच्या मॅचची टीम तूच लाव," म्हणाले.

ऑटोत मी तिच्याकडे सरकलो. "ताई, पुढच्या मॅचले मले घेशीन ना?"

आमच्या घरात आजवर तिला सगळ्यांनी नुसतं सांगितलं होतं. तिच्याकडे काही मागितलं नव्हतं कुणी. तिनं गळ्यातली शिट्टी सरळ केली.

"पाहू," ती म्हणाली, अगदी आई म्हणते तसं.