पंखा थांबेपर्यंत

“पंखा दिसत नाही म्हणजे पंखा नाही, असं समजायचं नाही.” हे वाक्य अण्णा नव्या हमालाला पहिल्या दिवशी ऐकवायचे, आणि तो हमाल जुना झाला तरी ऐकवत राहायचे. विमानाचा पंखा वेगात फिरू लागला की खरंच दिसेनासा होतो. समोर नुसती हवा आहे असं वाटतं. त्या हवेत माणसानं जाऊ नये, एवढंच अण्णांचं म्हणणं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी चंदीगडच्या विमानतळावर प्रवाशांची तिकिटं तपासायचो. अण्णा बाहेर एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या काँक्रीटवर. टेबल टेनिसच्या बॅटींसारख्या दोन फळ्या हलवत ते विमानाला त्याच्या जागेवर आणायचे. मूळचे कराडकडचे. ‘अण्णा’ या हाकेमुळे पंजाबी हमाल त्यांना मद्रासी समजत. अण्णांनी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही. तिच्यामुळे कुणाच्या जिवाला धोका नव्हता.

राजधानी दोन राज्यांची, त्यामुळे मंत्री दुप्पट आणि हारही दुप्पट. एकदा विमान थांबतंय तोच स्वागताची मंडळी हार घेऊन धावली. अण्णा दोन्ही हात पसरून आडवे आले. “पहले पंखा, फिर माला!” मंत्रिमहोदय जिन्यावर ताटकळले, पुढाऱ्यांनी नाव विचारलं, अण्णांनी ते स्पेलिंगसकट सांगितलं.

घरीही तेच. बावीस सेक्टरात आम्ही शेजारी. वहिनी लोखंडी कपाट सरकवत असल्या की हे समोर उभे राहून हातवारे करणार. कपाटाला हात लावायचं काम त्यांचं नव्हतं. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीची मूर्ती दारातून आत यायची तीही अण्णांच्या इशाऱ्यावर. मूर्ती धरलेले हवाई दलातले मोठे साहेबसुद्धा निमूट डावीकडे सरकत.

पुढे पुढे आरतीत अण्णा मागे पडू लागले. सगळे थांबले तरी यांची ओळ चालूच. भक्ती वाढली असेल, असं आम्हांला वाटलं.

वाढलं होतं ते दुसरंच. अण्णा प्रत्येकाच्या कानात कापूस घातलाय की नाही ते बघायचे. स्वतःचा उजवा कान मात्र उघडा ठेवायचे. “इंजिन काय म्हणतंय ते कुणीतरी ऐकाय नको?” इंजिनाचं ऐकता ऐकता तो कान गेला, आणि कापसातला दुसराही त्याच्यामागून निघाला होता. वर्षाच्या तपासणीत डॉक्टर समोर बसून विचारत, अण्णा ओठ बघून उत्तरं देत. पास.

मग एका दुपारी सामानाचा ट्रॅक्टर मागे येत येत अण्णांच्या पाठीपाशी पोचला. ड्रायव्हर बाजूला व्हा म्हणून ओरडत होता, “अण्णाजी, पासे हो जाओ!” मी काउंटर सोडून बाहेर आलो इतका ओरडत होता. अखेर त्यानंच करकचून ब्रेक मारला. अण्णा वळले आणि त्याच्यावर डाफरले, “आवाज तो देनी थी यार!”

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. अण्णांनी आमची दोघांची तोंडं पाहिली होती.

रविवारी सकाळी ते मला सुखना तलावावर घेऊन गेले. “मी पुढं चालतो. तू मागनं ये आणि वाटंल तवा हाक मार. कधी मारणार ते सांगू नगंस.”

“कशाला अण्णा?”

“हाक ऐकू येत नाही त्यानं एप्रनवर उभं ऱ्हायचं नाही. मीच सांगतो न्हवं सगळ्यांला?”

एप्रन सुटलं की स्टोअरमध्ये बसून बोल्ट मोजायचे, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. ते हात मागे बांधून चालू लागले. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग पोटातून ओरडलो. पुढचे एक सरदारजी वळले, त्यांचा कुत्रा वळला, होडीतलं एक जोडपंही वळलं. अण्णा छान ताठ चालत राहिले.

एका झाडापाशी थांबून त्यांनी विचारलं, “मारलीस का?”

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना ते हवंही होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मी तोंड नीट त्यांच्याकडे करून, सावकाश म्हणालो, “मारली अण्णा.”

त्यांनी आम्ही आलो त्या वाटेकडे वळून पाहिलं.

“बरं झालं, मागं तू होतास,” ते म्हणाले. “ट्रॅक्टर न्हवता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विमानतळाच्या साहेबांना सांगितलं आणि फळ्या जमा केल्या. दुपारचं दिल्लीचं विमान उतरलं तेव्हा एप्रनवर दुसराच माणूस उभा होता. विमान अगदी नेमकं जागेवर थांबलं. मला त्याचा फार राग आला.