शुक्रवारी फोनवर सांगायचं काय

डायरी लिहायला मी लागलो तो वैतागून. कतारला निघालो तेव्हा मुलगी रांगत होती. पहिल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा ती अडीच वर्षांची झाली होती, आणि दारात मला बघून तिनं असं भोकाड पसरलं की शेजारची माणसं गोळा झाली. सुट्टीभर ती मला ‘काका’ म्हणत राहिली. सगळे हसायचे. मीही हसायचो, पण आतून जीव तुटायचा. जरा जवळ यायला लागली तोवर माझी परत निघायची वेळ झाली.

मोबाईल आमच्या हातात यायच्या आधीचे ते दिवस. मी एसी मेकॅनिक. उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. शुक्रवारी सुट्टी. कंपनीची बस दोहा शहरातल्या मुशैरिबला सोडायची, तिथं फोनच्या बूथसमोर रांग लावायची आणि कार्ड घालून गावी फोन करायचा. बायको मुलीच्या कानाला रिसिव्हर लावायची.

“जेवलीस का?”

“हूं.”

“बालवाडीत गेलतीस का?”

“हूं.”

आणि धूम पळाल्याचा आवाज. मग बायको फोनवर यायची. “अहो, तिला कायतरी सांगा की. नुसतं इचारून काय व्हतंय?”

मी चिडायचो. सांगू काय कपाळ? ड्युटी, जेवण, झोप. मागच्या सोमवारी काय केलं ते माझं मलाच आठवायचं नाही. अशानं पुढच्या सुट्टीतही मी काकाच राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

गावच्या पतसंस्थेची एक डायरी बॅगेत आली होती. ती काढली. ड्युटीवरून आल्यावर बाथरूमला नंबर लागेपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात लिहायचो. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘एसी साफ केले.’ दुसऱ्या दिवशी, ‘एसी साफ केले, गॅस भरला.’ आठवड्यानं पानं चाळली आणि स्वतःचाच संताप आला. एवढं ऊन डोक्यावर घेऊन जगतोय आणि कागदावर एवढंच? त्यात ती डायरीही दीडशहाणी. रविवारला अर्धंच पान, आणि आमचा रविवार मरणाच्या कामाचा!

मग हट्टच धरला की कालचं वाक्य आज लिहायचं नाही. काम तेच राहिलं, पण दुपारपासूनच मी शोधायला लागलो की आज वेगळं काय झालं. एक फोरमन एकावर वाट्टेल तसा ओरडला आणि संध्याकाळी त्यालाच खजूर देऊन गेला, हे मी एरवी बघितलंच नसतं. बघितलं असतं तरी विसरलो असतो. शिव्याही लिहिल्या. कागदावर घातलेली शिवी खोलीत घालावी लागत नाही, त्यामुळे माझी भांडणं कमी झाली. शेजारच्या कॉटवरचा लातूरकडचा प्लंबर आधी चिडवायचा, “काय लिहायलास रं रोज रोज?” नंतर म्हणायला लागला, “मला बी टाक की त्यात.” टाकला त्याला. तो लई घोरतो, एवढंच टाकलं.

अल अझीझियातल्या एका व्हिलाच्या गच्चीवर, एसीच्या बाहेरच्या मशीनमागं पारव्यानं घरटं केलं होतं. आत दोन पिल्लं. मी पाना काढला तसा घरमालक म्हातारा धावत आला. “खलास! मशीन बंद. पहले बच्चा उडेगा, इन्शाल्ला.” ऐन उन्हाळ्यात त्यानं त्या एसीची खोली वापरायची सोडून दिली, पण मशीनला हात लावू दिला नाही. मी ते जसंच्या तसं लिहिलं, आणि शुक्रवारी डायरी बूथमध्ये नेऊन मुलीला वाचून दाखवलं. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, पळाली. तेवढ्यात ऐकू आलं, “मग?”

पुढच्या शुक्रवारी तिनंच आधी विचारलं, “पिल्लू उडालं?”

मधल्या आठवड्यात त्या व्हिलाचे बाकीचे एसी करायला गेलो तेव्हा बघितलं, त्यातलं एक मेलं होतं. तसं डायरीत लिहिलं होतं, आणि आता तर ती विचारत होती. दोन्ही उडाली म्हणून ठोकून देता आलं असतं. पण रोज खरं लिहायची सवय लागली की तोंडही जरा सरळ होतं, हा माझा अनुभव. मी सांगून टाकलं.

तिनं विचारलं, “त्याची आई रडली?”

“रडताना नाही दिसली. पण दिवसभर तिथंच बसून होती.”

त्यानंतर ती फोन सोडून पळाली नाही. प्लंबरचं घोरणं, फोरमन, वाळूचं वादळ, सगळं तिनं ऐकून घेतलं. डायऱ्या संपत गेल्या. मी पानं मोठ्यानं वाचायचो आणि मागं रांगेतली माणसं बोंबलायची.

दुसऱ्या सुट्टीत दारात गेलो तेव्हा ती पाचव्या वर्षात होती. आईचा पदर धरून उभी. रडली नाही, पण पुढंही आली नाही. चेहरा तिच्या ओळखीचा नव्हताच, असणार कुठून? “काय गं, वळखलं न्हाईस व्हय?” एवढंच बोललो.

तिनं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “आमच्या पप्पांचा आवाज बी असाच हाय.”

बायको काहीतरी बोलणार होती, तिला मी हातानं थांबवलं. बॅग खाली ठेवून उंबऱ्यावर बसलो. “व्हय? काय सांगत्यात तुझं पप्पा?”

मग ती पदर सोडून माझ्याशेजारी येऊन बसली, आणि माझ्या पप्पांचं असं झालं, तसं झालं, म्हणत माझी दोन वर्षं मलाच सांगायला लागली.